भाड्याची रूम ते स्वतःचं घर: कमी पगारात मुंबई, ठाणे, पुण्यात काय काय करता येतं, पहिल्यापासून

ज्यांच्या घरात महिन्याला वीस-पंचवीस ते चाळीस हजार येतात, डिपॉझिट भरायचं म्हटलं की कोणाकडे तरी हात पसरावा लागतो आणि दर अकरा महिन्यांनी सामान उचलावं लागतं, हे त्यांच्यासाठी लिहितेय. आमच्या वस्तीत लोकांचे फॉर्म भरून द्यायचं काम मी करते आणि रोज एकच गोष्ट दिसते, घर हातातून जातं ते बहुतेक वेळा पैसे कमी पडले म्हणून नाही तर कागद वेळेवर नव्हता म्हणून. पैशाची सोय उशिरा का होईना होते, पण डोमिसाईल म्हणजे राज्यात राहिल्याचा दाखला सरकारी घरांच्या लॉटरीच्या शेवटच्या दिवशी होत नाही. म्हणून योजना मागाहून बघू, आधी भाड्याचं बघू, कारण घर मिळेपर्यंत राहायचं तर भाड्यानेच आहे.

भाड्याने घेताना

अॅग्रीमेंट रजिस्टरच करायचं. नुसतं शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे झालं असं ब्रोकर सांगतात, ते बरोबर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीच्या भाड्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच लागतो आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे, तुमची नाही. मालकाने ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झालाच तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला शांतपणे सांगा, भांडायची गरज नसते, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

खर्चाला लोक घाबरतात म्हणून हिशोबच करून दाखवते. समजा भाडं १२,००० आहे, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत अकरा महिने. अकरा महिन्यांचं भाडं झालं १,३२,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात, अकरा महिन्यांचं ते साधारण ४,५८० येतं. दोन्ही मिळून १,३६,५८० आणि त्यावर पाव टक्का म्हणजे ०.२५ टक्के स्टँप ड्युटी, म्हणजे साडेतीनशे-चारशे रुपये फक्त. नोंदणी फी शहरात १०००, ग्रामीण भागात ५००. बाकी जे तीन-चार हजार मागतात ती एजंटची मजुरी असते, घरी येऊन थंब घेतो त्याची. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्यावर, मालक-भाडेकरू आणि दोन साक्षीदार लागतात, तुम्ही स्वतः पण करू शकता. खर्च कोणी किती द्यायचा हे आधीच बोलून घ्या, निम्मा-निम्मा करतात बहुतेक ठिकाणी.

आणि हे अॅग्रीमेंट फक्त राहण्यासाठी नाही. मुलाची शाळा, गॅस, बँक, आधारचा पत्ता, सगळीकडे हाच कागद चालतो, आणि एकाच शहरात सलग राहिल्याचा पुरावा पुढे उपयोगी पडतो, म्हणून संपलेली अॅग्रीमेंट फेकू नका, सगळी एका फाईलला लावून ठेवा.

सही करायच्या आधी मालकाकडे लाइट बिल आणि सोसायटीची मेंटेनन्स पावती बघायला मागा. दोन्हीवर त्याचंच नाव आहे का, थकबाकी किती आहे, हे दोन मिनिटांत कळतं. नाव दुसऱ्याचं असेल तर तो कोण, पॉवर ऑफ अॅटर्नी आहे का, विचारायचं. रूममध्ये शिरताना मीटरच्या रीडिंगचा, नळांचा, भिंतीच्या ओलीचा, दरवाज्याच्या कडीचा फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा, कारण डिपॉझिट कापतात ते ह्याच गोष्टींवरून. डिपॉझिट आणि भाडं खात्यातून द्या. कॅशच मागितली तर सही असलेली पावती घ्या. डिपॉझिट चावी दिल्याच्या दिवशी परत, हे वाक्य अॅग्रीमेंटमध्ये घालून घ्या, नंतर "नवीन भाडेकरू आला की देतो" म्हणतात आणि तुम्हाला पुढच्या रूमचं डिपॉझिट त्याच दिवशी भरायचं असतं. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम, ऑनलाइन होतं, तेही झालं का बघा.

मुदतीबद्दल एक सांगते, अकरा महिने हा काही कायदा नाहीये, रिवाज आहे. २४ किंवा ३६ महिन्यांचं पण करता येतं, साठ महिन्यांपर्यंत होतं. मुलं शाळेत असतील तर मालकाला तीन वर्षांचं विचारून बघा, दरवर्षी पाच-दहा टक्के वाढ लिहून द्या, अनेक मालकांना पण दरवर्षी नवीन माणूस शोधायचा कंटाळा असतो. पण मुदत संपल्यावर अडून बसू नका, कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही घर सोडलं नाही तर मालक दुप्पट भाड्याने भरपाई मागू शकतो आणि तो दावा लवकर निकाली निघतो.

हेवी डिपॉझिटबद्दल मला कळकळीने सांगायचंय. पाच-सात लाख एकदम द्यायचे, भाडं शून्य, मुदत संपली की पैसे परत, असा व्यवहार मुंबईत खूप चालतो आणि दर महिन्याचं भाडं वाचतं म्हणून लोकांना बरा वाटतो. तुमची आयुष्याची पुंजी एका माणसाच्या शब्दावर ठेवलेली असते हे विसरू नका. त्या माणसाने तेच घर बँकेकडे गहाण ठेवलं असेल आणि हप्ते थकले असतील तर बँक घराचा ताबा घेते आणि तुमचे पैसे मागायला तुम्ही कोर्टात. कधी कधी तर तो स्वतःच भाडेकरू निघतो. करायचंच असेल तर इंडेक्स टू (घर कोणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणारा नोंदणीचा उतारा) बघा, सोसायटीला विचारा की घरावर बँकेचा बोजा नोंदवलाय का, पूर्ण रक्कम चेकने द्या आणि पूर्ण रक्कम रजिस्टर अॅग्रीमेंटमध्ये लिहा. अर्धी कॅश म्हणाला तर तिथून उठा.

भाडंसुद्धा झेपत नसेल तेव्हा

इथे लोक लाजतात, आणि लाजण्यासारखं काही नाहीये, हे हक्क आहेत.

घरात मारहाण होत असेल, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी घराबाहेर काढलं असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. कोर्ट नवऱ्याला दुसरीकडे राहायची सोय करायला किंवा तिचं भाडं भरायला सांगू शकतं, कलम १९ मध्ये ते स्पष्ट आहे. सुरुवात १८१ वर फोन करून किंवा सखी वन स्टॉप सेंटरला जाऊन करा, तात्पुरता निवारा तिथे मिळतो, आणि अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत होतो. वकिलाची फी नको, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, त्यांचा नंबर १५१००. म्हाताऱ्या आईवडिलांना मुलं घरातून काढत असतील तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे आणि १४५६७ ही हेल्पलाइन.

शिकायला बाहेर पडलेल्या मुलांचं पण बघा. समाजकल्याणच्या होस्टेलला नंबर लागला नाही म्हणून शिक्षण सोडतात, तसं करू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत थेट खात्यात येतात, राहणं-जेवण सगळं धरून. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. होस्टेलचा अर्ज आधी करायचा आणि तो लागला नाही तर ह्यात जायचं, म्हणून होस्टेलचा फॉर्म भरलाच पाहिजे.

आता फाईल

स्वतःच्या घराकडे जायच्या आधी एक जाड फाईल घ्या आणि आजपासून भरायला लागा. नवरा-बायको दोघांचं आधार आणि पॅन, दोन्हीवर नावाचं स्पेलिंग एकसारखं. फॉर्म अडकतात ते इथेच, लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि पॅनवर माहेरचं राहिलं, सिस्टिम जुळवत नाही. मोबाईल आधारला लिंक पाहिजे. डोमिसाईल, म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला, सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून, आणि जुना हाताने लिहिलेला चालत नाही, बारकोडवाला नवा काढा. उत्पन्नाचा पुरावा म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. घरकाम, रिक्षा, भाजीचा धंदा करणाऱ्यांना माझं ठाम सांगणं आहे की टॅक्स बसत नसला तरी रिटर्न भरा, दोन-तीन वर्षांचे रिटर्न असले की बँक तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलते. जातीचा दाखला असेल तर जात वैधता प्रमाणपत्र पण. दिव्यांग असाल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. बांधकामावर काम करत असाल तर कल्याणकारी मंडळाची नोंदणी, वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो त्याला.

म्हाडाची लॉटरी

म्हाडा म्हणजे राज्य सरकारची घरं बांधून लॉटरीने विकणारी संस्था. २०२३ पासून तिची नवीन पद्धत आहे, लॉटरी लागल्यावर कागद मागत नाहीत, आधीच कागद अपलोड करून पडताळणी होते आणि मगच अर्ज करता येतो. म्हणजे जाहिरात यायची वाट बघू नका, नोंदणी वर्षभर चालू असते, आज करून ठेवा, पुढच्या प्रत्येक लॉटरीला तीच चालते.

उत्पन्न गट नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न धरून ठरतो. मुंबई, पुणे, नागपूर महानगर भागात ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ६ ते ९ अल्प, ९ ते १२ मध्यम, त्याच्या वर उच्च. इतर ठिकाणी अत्यल्प साडेचार लाखांपर्यंत आणि अल्प साडेसातपर्यंत. पन्नास हजार महिना कमावणारं जोडपं पण मुंबईत अत्यल्पच आहे, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं आणि ते "आम्हाला कुठे मिळणार" म्हणून फॉर्मच भरत नाहीत. दुसरी अट, ज्या शहरात अर्ज करताय त्या महापालिका हद्दीत तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांच्या नावावर पक्कं घर नको.

अनामत म्हाडाच्या विभागीय मंडळाप्रमाणे (मुंबई, कोकण, पुणे वगैरे) वेगळी असते, २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत अत्यल्पला २५ हजार आणि अल्पला ५० हजार होती, कोकण-पुण्यात बरीच कमी असते, आणि घर लागलं नाही तर ती खात्यावर परत येते, अर्जाची फी मात्र येत नाही. अनामत भरायला व्याजाने पैसे काढू नका, त्यासाठी वर्षभर भिशी लावा.

नंबर लागायची शक्यता कुठे जास्त आहे हे बघून फॉर्म भरा. त्या २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ४०८२ घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. सगळे गोरेगाव-पवईकडे धावतात. कोकण मंडळाची विरार-बोळिंजची घरं मात्र लॉटरीत खपली नाहीत म्हणून प्रथम येणाऱ्यास प्राधान्य ह्या पद्धतीने विकायला काढावी लागली. अशा विक्रीत चिठ्ठीच नसते, घरं शिल्लक असतील, पात्र असाल आणि पैशाची तयारी असेल तर घर मिळतं. अर्थात विरारहून रोजचा प्रवास काय आहे ते आधी एकदा सकाळी सातच्या लोकलने जाऊन बघा. अजून एक वाट म्हणजे २० टक्के योजना, चार हजार चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवर खाजगी बिल्डरला २० टक्के जागा लहान घरांसाठी द्यावी लागते आणि ती घरं म्हाडाच्या लॉटरीतून जातात, पुणे, नाशिक, ठाण्यात चांगल्या सोसायट्यांमध्ये अशी घरं निघालीत. आरक्षित गटात बसत असाल तर तिथूनच भरा, पण पुरावा हातात असेल तरच, नाहीतर नंबर लागून घर जातं.

लागल्यावर देकारपत्र, म्हणजे घर देऊ करणारं पत्र येतं आणि त्यात पैसे भरायच्या तारखा असतात. त्या तारखा भिंतीवर लावा. बँकेकडे लॉटरी लागल्यावर नाही तर अर्ज केल्याच्या आठवड्यातच जाऊन आपल्याला किती लोन बसतं ते विचारून ठेवा.

म्हाडाने कोणालाही एजंट नेमलेलं नाहीये. "मंत्र्याच्या कोट्यातलं घर आहे, दोन लाख टोकन द्या" म्हणणारा माणूस फसवतोय, मग तो कितीही ओळखीचा असो, आणि त्याने दाखवलेलं लेटर कितीही खरं वाटो.

नवी मुंबईत हेच काम सिडको ही सरकारी कंपनी करते. २०२४ मध्ये त्यांनी माझे पसंतीचे सिडकोचे घर म्हणून योजना काढली, तळोजा, खारघर, खांदेश्वर, मानसरोवर, बामणडोंगरी अशा ठिकाणी, बहुतेक स्टेशनजवळ. किमतींवर लोक नाराज झाले आणि ते रास्तही होतं, म्हणून फॉर्म भरायच्या आधी किंमत बघूनच ठरवा.

झोपडीत राहत असाल तर आधी एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचं बघा. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर ३०० चौरस फुटांचं घर मोफत, २००० ते १ जानेवारी २०११ मधल्यांना अडीच लाख भरून. परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे कोण पात्र-अपात्र त्याच्या सरकारी यादीत, आपलं नाव पात्र आहे का हे स्वतः वाचून बघा, कमिटीवाले सांगतात त्यावर थांबू नका, अपात्र दाखवलं तर अपील करता येतं.

केंद्राची सबसिडी

प्रधानमंत्री आवासची जुनी २.६७ लाखांची व्याज सबसिडी मार्च २०२२ ला बंद झाली, तरी बिल्डरांच्या बोर्डावर अजून दिसते. सप्टेंबर २०२४ पासून शहरी २.० चालू आहे. त्यात व्याज सबसिडी अशी आहे: घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, आणि जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत चालतं आणि देशात कुठेही तुमच्या कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको, गावातलं पण नाही. हे पैसे एकदम हातात येत नाहीत, त्यामुळे डाउन पेमेंटमध्ये धरू नका. म्हाडाचा अत्यल्प गट आणि केंद्राचा अत्यल्प गट एक नाही, केंद्राच्या मूळ नियमात तो ३ लाखांपर्यंतच आहे, म्हणून दोन्ही फॉर्ममध्ये नीट वाचून भरा.

लोनचा हिशोब

२० लाखांचं घर धरा. ३० लाखांपर्यंतच्या लोनला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे १८ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण १५,६०० येतो. वर दोन लाख घरचे, स्टँप ड्युटी मुंबईत ६ टक्के म्हणजे १ लाख २० हजार, नोंदणी एक टक्का म्हणजे २० हजार, आणि ताबा घेताना मेंटेनन्सचे वेगळे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट आहे, ह्या घराला २० हजार वाचले, आणि घर तिच्या नावावर झालं ही त्याहून मोठी गोष्ट, मी प्रत्येक घरात हे सांगते. बांधकाम चालू असलेल्या लहान घराला १ टक्का जीएसटी, ओसी (राहायला परवानगीचा दाखला) मिळालेल्याला काहीच नाही. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून पगाराच्या ४० टक्क्यांच्या वर जात असेल तर लहान किंवा लांबचं घर बघा. आणि फ्लोटिंग रेटचं, म्हणजे बदलत्या व्याजाचं लोन असेल तर मध्येच जास्तीचे पैसे भरायला दंड नाही, बोनस-भिशी आली की मुद्दलात टाका.

स्वस्त रूमचा मोह

सरकारी लॉटरी लागत नाही म्हणून लोक दहा-बारा लाखांत नोटरीवर रूम घेतात. नोटरी किंवा नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय. सरकारी बँक लोन देत नाही म्हणाली तर ती तुम्हाला फुकटात काहीतरी सांगतेय, ते ऐका.

बिल्डरकडून घेताना महारेरा (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा, आणि रजिस्टर अॅग्रीमेंटच्या आधी १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, कायदाच आहे तसा. पण नंबर आहे म्हणजे सगळं झालं असंही नाही. डोंबिवलीच्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवतंय ना, महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेरा नंबर घेतले होते आणि हायकोर्टाने इमारती पाडायचे आदेश दिले, आत राहणारे सगळे तुमच्या-माझ्यासारखे हप्ते भरणारे. म्हणून बांधकाम परवानगीचा नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा की ही परवानगी तुम्हीच दिलीय का, माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर लेखी उत्तर मिळतं. महिना जाईल, जाऊ दे.

गावाला जागा असेल तर

शहरात भाड्याने राहून गावाला घर बांधायचं हा पण रस्ता आहे, फक्त गावचं घरकुल घेतलं की शहरातली केंद्राची सबसिडी मिळत नाही, म्हणून आधी घरात बसून ठरवा कुठलं पाहिजे. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मूळ मदत आहे, शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. त्या यादीत नाव नसेल तर अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, ओबीसींसाठी मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा राज्याच्या योजना आहेत. जागाच नसेल तर दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून जागेला मदत मिळते. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, जोत्याचा फोटो अपलोड झाला की पुढचा हप्ता, म्हणून सगळी वीट-वाळू एकदम उधारीवर उचलू नका. नाव घालायला ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि ग्रामसभेच्या दिवशी रजा टाकून गावाला जा, यादी तिथे वाचली जाते आणि नाव सुटलं असेल तर उभं राहून बोलायची जागा तीच आहे.